फैर

माणूस एकट्याच्या घरात जो अग्नी पेटवतो, त्यास चूल म्हणतात. परंतु चार माणसांनी मिळून पेटवलेल्या अग्नीस आपल्या भाषेने निराळी नावे दिली आहेत. मावळातील शेतकरी थंडीच्या दिवसांत राखणीला बसले म्हणजे काटक्या-गोवऱ्या गोळा करून आगटी पेटवतात. गावातील माणसे चावडीपुढे जाळ करून भोवती बसली की ती शेकोटी. फाल्गुनी पौर्णिमेस सगळ्या गावाने मिळून पेटवायची ती होळी. शेकोटीची ऊब आणि होळीचा उजेड ज्याला हवा त्याला मिळतो, म्हणून हे शब्द उच्चारताच आपल्याला बरे वाटते.

माणसे मिळून आणखी एक अग्नी पेटवतात. तो क्षणभरच भडकतो. त्याच्याजवळ कोणी ऊब घ्यायला जात नाही. त्याही अग्नीला मराठीत नाव आहे. ते रणांगणावर जन्मले, शिपायांच्या रांगड्या बोलीत वाढले आणि आज तुमच्या-आमच्या बोलण्यात सुखाने नांदत आहे. तो शब्द म्हणजे 'फैर'. या दोन अक्षरी शब्दाची हकिगत पुणे शहराच्या इतिहासाशी जोडलेली आहे.

लढाईतील अग्नी म्हटला की आपल्याला प्रथम सिंहगड आठवतो. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्री तानाजी मालुसरे यांच्या मावळ्यांनी कोंढाणा सर केला. गड हाती आला, हे राजगडावर शिवाजी महाराजांना कळवायचे कसे? मध्ये डोंगर, दऱ्या आणि काळोख. तेव्हा मावळ्यांनी गडावरच्या पागेच्या घरांना आग लावली. तो उजेड राजगडावरून दिसला आणि गड फत्ते झाल्याचे महाराजांनी ओळखले, असे सभासदाच्या बखरीत सांगितले आहे. तानाजी पडल्याची वार्ता मात्र त्या उजेडाला सांगता आली नाही. ती घेऊन माणसालाच जावे लागले.

त्या काळी तोफा आणि बंदुका होत्याच. त्या उडवण्याची रीत नीट समजून घेतली पाहिजे, कारण आपले कितीतरी शब्द त्या रीतीतून निघाले आहेत. तोफेच्या तोंडातून आधी दारू भरत, ती ठासत आणि मग गोळा सोडत. तोफेच्या मागच्या भागावर एक बारीक छिद्र असे. त्याला तोफेचा कान म्हणत. या कानात थोडी बारीक दारू घालून ठेवत. तिचे नाव रंजक. (गोष्ट रंजक आहे असे आपण म्हणतो, तो रंजक शब्द वेगळा. तो संस्कृतातून आला. दोघांचे रूप एक असले तरी नाते काही नाही.) मग काठीला गुंडाळलेली जळती वात या कानाशी नेत. ती वात म्हणजे बत्ती. बत्ती दिली की रंजक भडके, तिची आग आतल्या दारूला पोहोचे आणि गोळा सुटे. शत्रूची तोफ निकामी करायची असली म्हणजे तिच्या कानात खिळा ठोकत. कान बंद झाला की केवढीही अजस्र तोफ असो, ती मुकी होई.

तोफ डागणारा तो गोलंदाज. हा फारसी वळणाचा शब्द, अर्थ गोळा फेकणारा. आज क्रिकेटच्या मैदानावर चेंडू टाकणाऱ्याला आपण गोलंदाज म्हणतो. त्याच्या जोडीला मराठीने फलंदाज हा शब्द स्वतः घडवून घेतला. दिवाळीत तुम्ही बाटलीत उभा करून आकाशात सोडता तो बाणही असाच लष्करातून आलेला आहे. मराठ्यांच्या फौजेत दारू भरलेल्या लोखंडी नळीचे बाण असत आणि ते शत्रूच्या घोडदळावर सोडत. पेशव्यांच्या तोफखान्याचे सरदार पानसे होते. दिवे घाटाच्या परिसरात सोनोरी गावाजवळ त्यांनी बांधलेला मल्हारगड आजही उभा आहे.

एका तोफेला बत्ती देणे निराळे आणि रांगेतल्या सगळ्या तोफांना एकदम बत्ती देणे निराळे. दुसऱ्या प्रकाराला सरबत्ती म्हणत. गुरुजी वर्गात आले आणि त्यांनी प्रश्नांची सरबत्ती सुरू केली, असे आपण लिहितो तेव्हा नकळत गुरुजींना तोफखान्यावर नेऊन बसवतो!

परंतु हातातल्या बंदुकीची गोष्ट वेगळी होती. जुन्या तोड्याच्या बंदुकीस सुतळीसारखी जळती वात लावावी लागे. पावसात ती विझे, वाऱ्यात ठिणग्या उडत आणि एक बार झाल्यावर दुसरा भरण्यास बराच वेळ जाई. प्रत्येक बंदुकवाला आपल्या सवडीने बार काढी. मराठी फौजेचे खरे बळ घोड्यांच्या टापांत होते. धावत्या घोडेस्वाराला असल्या सुट्या बारांचे फारसे भय वाटत नसे.

अठराव्या शतकाच्या मध्यास हे चित्र पालटले. फ्रेंच आणि इंग्रज यांनी दक्षिणेत एतद्देशीय शिपायांना आपल्या पद्धतीने शिकवण्यास आरंभ केला. १७४६ साली मद्रासजवळ अड्यार नदीच्या काठी काही शे फ्रेंच व त्यांचे शिपाई यांनी अर्काटच्या नबाबाच्या कित्येक पटींनी मोठ्या फौजेला मागे हटवले. सारा हिंदुस्थान चकित झाला. यात जादू कोणती होती? जादू होती ती शिस्तीची. त्या काळची ठासणीची बंदूक फार लांबवर मारा करीत नसे आणि नेमही धड साधत नसे. शंभर पावलांपलीकडच्या माणसाला एकट्या बंदुकीने टिपणे हा नशिबाचाच भाग. पण शंभर शिपाई खांद्याला खांदा लावून उभे राहिले, सर्वांनी एकाच वेळी बंदुका रोखल्या आणि एकाच क्षणी चाप ओढला, तर समोर शिशाची भिंतच धावून जाते. तेवढ्यात दुसरी रांग तयार असते. तिचा बार होईपर्यंत पहिली रांग पुन्हा ठासून घेते. मरणाच्या दारात उभे राहूनही कोणी आपल्या मनाने बार काढायचा नाही, हुकुमाची वाट पाहायची, हेच या विद्येतले अवघड काम. घोडा उधळत अंगावर येताना दिसतो, त्याच्या नाकपुड्या दिसतात, स्वाराचा भाला दिसतो आणि तरीही शिपायाने बोट हलवायचे नाही.

या शिक्षणाला कवायत म्हणू लागले. 'कायदा' या अरबी शब्दाचे अनेकवचन 'कवाइद', त्याचे आपण कवायत केले. शाळेच्या पटांगणावर तुम्ही रांगेत हात वर-खाली करता, तेव्हा त्या शब्दाचा मूळ अर्थ 'नियम' तुम्ही अंगाने गिरवत असता.

बुसी या फ्रेंच सेनापतीच्या हाताखाली शिकलेला इब्राहिमखान आपल्या शिपायांसह पेशव्यांच्या चाकरीत आला. त्याच्या शिपायांना गारदी म्हणत. पहारा या अर्थाच्या 'गार्द' या फ्रेंच शब्दावरून ते नाव पडले, असे कित्येक अभ्यासक मानतात. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखानाच्या सुमारे आठ-नऊ हजार गारद्यांनी रोहिल्यांवर चाल केली आणि त्यांची फळी मोडून काढली. गारद्यांची मोठी कत्तल झाली, पण ते मागे सरले नाहीत. इब्राहिमखान जखमी होऊन शत्रूच्या हाती सापडला व मारला गेला. धन्याच्या निमकाला जागणारा म्हणून मराठी माणसाने त्याची आठवण ठेवली आहे.

नाव तेच राहते, पण त्याची पत बदलते, ती पाहा कशी! पुढे बाराच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, याच पेशाच्या माणसांनी शनिवारवाड्यात शिरून नारायणराव पेशव्यांचा खून केला. पानिपतावर ज्या शब्दाने मान मिळवला होता, तोच शब्द पुण्यात शिवीसारखा झाला. आजही कोणाला गारदी म्हटले तर तो माणूस रागावतो. त्याला इब्राहिमखान आठवत नाही. शनिवारवाडा आठवतो.

पण शिवी झाली म्हणून विद्या टाकून चालत नव्हते. महादजी शिंदे यांनी १७८४ पासून द बॉयन या सेनापतीच्या देखरेखीखाली कवायती पलटणी उभ्या केल्या आणि त्यांच्या बळावर उत्तरेत आपला दरारा बसवला. पलटण हा शब्दही 'बटालियन' या विलायती शब्दाला मराठी जिभेने घातलेला पेहराव आहे. महादजी पुढे पुण्यास आले आणि १२ फेब्रुवारी १७९४ रोजी वानवडीस त्यांचे देहावसान झाले. तेथे त्यांची छत्री आहे. शेवटी दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत पुण्याच्या अगदी शेजारी, दापोडी येथे, पेशव्यांच्या खर्चाने एक कवायती तुकडी उभी राहिली. तिचा अंमलदार होता फोर्ड नावाचा इंग्रज.

आता तुम्ही मनाने दापोडीच्या माळावर चला. शिपाई रांगेत उभे आहेत. त्यांतील बहुतेकांना इंग्रजीचा गंधही नाही. अंमलदार हुकूम सोडतो. बंदुका वर उचला, नेम धरा, यांसाठी एकेक शब्द. सर्वांत शेवटचा शब्द सर्वांत लहान आणि सर्वांत मोठ्याने उच्चारलेला : 'फायर!' त्याबरोबर शंभर बंदुकांचा एकच कडकडाट होतो आणि धुराने माळ भरून जातो. इंग्रजीत या शब्दाचा मूळ अर्थ केवळ अग्नी. चुलीतला, शेकोटीतला, होळीतला, कोणताही. पण ज्या शिपायाने तो शब्द चुलीपाशी कधी ऐकलाच नव्हता, ज्याने तो फक्त रांगेत उभे राहूनच ऐकला, त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच झाला : सर्वांनी मिळून एकदम काढलेला बार. आणि तोंडातल्या तोंडात घोळता घोळता 'फायर'चे झाले 'फैर'.

शब्द घेतला, पण तो जसाच्या तसा ठेवला नाही, यातच मराठीचा स्वभाव दिसतो. इंग्रजीत तो हुकूम होता, आपण त्याचे नाम केले. नाम म्हटले की लिंग हवे. ते आपण स्त्रीलिंग ठरवले : ती फैर. भिंत-भिंती, विहीर-विहिरी, तसेच फैर-फैरी. विभक्तीचे प्रत्यय लावले : फैरीने, फैरींचा. क्रियापदही घरचेच दिले. चिंचेचे झाड हलवले की चिंचा झडतात, तशा फैरी झडू लागल्या. आणि अंगण झाडणाऱ्या मराठी माणसाने फैरीही झाडल्या. विलायतेहून आलेल्या माणसाला बंडी घालून, डोक्याला पागोटे बांधून पंगतीत बसवावे, तसाच हा प्रकार. तोफ तुर्की, बंदूक अरबी, काडतूस आणि पिस्तूल युरोपीय. आपल्या शस्त्रागारात अशी देशोदेशीची मंडळी आधीच बसलेली होती. फैर त्यांच्यात सहज मिसळून गेली.

या शब्दाची खरी किंमत पुण्याला कळली ती ५ नोव्हेंबर १८१७ रोजी. त्या दिवशी दुपार उलटल्यावर खडकीच्या माळावर पेशव्यांची फौज आणि इंग्रजांची फौज समोरासमोर आली. बापू गोखले मराठी फौजेचे सेनापती होते. बाजीराव पर्वतीवरून पाहत होते. इंग्रजांकडे सुमारे २८०० माणसे होती. पेशव्यांची फौज त्यांच्या कित्येक पट होती. दापोडीची ती तुकडी, जिचा पगार पुण्याच्या खजिन्यातून निघत होता, ती फोर्डच्या मागोमाग इंग्रजांना जाऊन मिळाली.

गोखल्यांनी घोडदळ घातले. हजारो घोडी एकदम निघाली म्हणजे जमीन कशी हादरत असेल, याची कल्पना करा. पण वाटेत चिखलाची दलदल होती आणि ती वरून दिसत नव्हती. पुढची घोडी तीत रुतली, मागची त्यांच्यावर आदळली. इंग्रजांकडील शिपायांना हुकूम होता की, बार राखून ठेवा. घोडी दलदलीत अडकली आणि मग तो एकच शब्द उच्चारला गेला. फैरीमागून फैरी झडल्या. जरीपटका सांभाळणारे मोर दीक्षित पडले. गोखल्यांच्या घोड्यास गोळी लागली. तिन्हीसांजेस लढाई थांबली. इंग्रजांकडील मेलेले व जखमी मिळून ८६ झाले, पेशव्यांकडील सुमारे ५००. पुढे बाराच दिवसांनी, १७ नोव्हेंबरला, शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले.

समोरून फैर झाडणारे बहुतेक शिपाईही याच देशाचे होते, ही गोष्ट विसरता येत नाही. हुकूम परका होता, पण चापावरचे बोट आपलेच होते.

लढाईनंतर इंग्रजांनी शहराच्या पूर्वेस छावणी वसवली. पुणेकर त्या भागाला लष्कर म्हणू लागले आणि आजही म्हणतात. १८६९ साली खडकीस दारूगोळ्याचा कारखाना निघाला. शिपायांची भाषा बाजारात आली, बाजारातून वाड्यांच्या चौकात आली आणि तेथून छापखान्यात गेली. अशा वेळी जुन्या वळणाचे लोक नाक मुरडतात. शिपाईगड्यांचा अपभ्रष्ट शब्द लिहिण्यात कशाला, असे त्यांना वाटते. पण ज्या शब्दाची लोकांना गरज असते तो कोणाच्या नाक मुरडण्याने मागे फिरत नाही. 'अनेक बंदुकांचा एकसमयावच्छेदेकरून झालेला बार' असे प्रत्येक वेळी कोण म्हणणार?

आता रणांगण दूर राहिले आहे आणि फैर सभागृहात आली आहे. आरोप-प्रत्यारोपांच्या फैरी झडल्या, असे वृत्तपत्रे लिहितात. दोन विद्वान वाद घालू लागले की शब्दांच्या फैरी झडतात. येथे एक सावधगिरी मात्र तुम्ही बाळगली पाहिजे. फैर आणि फेरी हे दोन शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी पडतात. फेरी ही 'फिरणे' या धातूपासून झाली. प्रभातफेरी, फेरीवाला, सामन्याची पहिली फेरी ही तिची भावंडे. दोन पक्ष शांतपणे बोलण्यास बसले, उठले आणि पुन्हा बसले, तर ती चर्चेची दुसरी फेरी. पण ते बोलता बोलता चिडले, दोन्हीकडून एकदम शब्द सुटू लागले, तर त्या फैरी. एका मात्रेच्या फरकाने सल्लामसलतीचे युद्ध होते!

अजून एका ठिकाणी हा शब्द आपल्या जुन्या अर्थाने उच्चारला जातो. पुणे, सातारा, कोल्हापूर या जिल्ह्यांतील किती तरी गावांतून पिढ्यान्‌पिढ्या तरुण सैन्यात जातात. साताऱ्याजवळचे अपशिंगे हे गाव तर 'अपशिंगे मिलिटरी' याच नावाने ओळखले जाते. सीमेवर एखादा जवान कामी आला की त्याचा देह तिरंग्यात लपेटून गावी आणतात. त्या दिवशी शाळा भरत नाही, दुकाने उघडत नाहीत. आसपासच्या वाड्यांवरची माणसे पहाटेपासून रस्त्याच्या कडेला उभी राहतात. नदीकाठी किंवा शाळेच्या पटांगणात चिता रचलेली असते. तिच्याभोवती अवघा गाव जमतो.

जवानांची एक तुकडी रांगेत उभी राहते. हुकूम होतो आणि बंदुका वर होतात. त्या कोणावर रोखलेल्या नसतात. त्यांची तोंडे आकाशाकडे असतात. पहिली फैर झडते, तशी झाडांवरची सारी पाखरे एकदम उडतात. दुसऱ्या फैरीला आईच्या कडेवरची लहान मुले दचकून रडू लागतात. तिसरी फैर झडते आणि धुराचा पातळ पडदा माणसांच्या डोक्यांवरून हळूहळू सरकत जातो. बिगूल वाजते. जवान बंदुका खाली घेतात. मग घरातला कोणी, कधी म्हातारा बाप, कधी तुमच्याच वयाचा मुलगा, पुढे होऊन चितेला अग्नी देतो.